नानांची डबी आणि मी

मी एक जुना पाऊच आहे. जुना म्हणजे तीन वर्षांचा. पण चार्जर, वायरी आणि पॉवर बँक पोटात कोंबून गावोगाव हिंडणाऱ्याला तीन वर्षं म्हणजे म्हातारपणच. झिप अडखळते, एक कोपरा उसवलाय. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता हा रडगाणं गाणार, मला कसं फेकलं, कसं विसरले. छे! मला कुणी विसरत नाही. प्रवास ठरला की घरात सगळ्यात आधी मलाच काढतात. माझा राग वेगळाच आहे.

मी पारल्याच्या स्टेशनजवळ एका दुकानात टांगलेला होतो. शेजारी माझाच थोरला भाऊ. तेच कापड, तीच झिप, फक्त चार बोटं जास्त रुंद. एके दिवशी तिथे प्रबुद्ध आणि त्याची बायको नीलम आली. प्रबुद्ध वाकोल्याचा, पवईच्या ऑफिसात इंजिनियर. गडी घरून टेपने मापं घेऊन, फोनवर यादी करून आलेला. कुठली वायर किती लांब, पॉवर बँक किती जाड, हेडफोन, कॅमेऱ्याचा चार्जर, अगदी पेनड्राइव्हसुद्धा सोडला नव्हता. दुकानदार नुसता बघत राहिला. नीलमचं म्हणणं होतं की मोठा घेऊ, नानांच्या कानाच्या मशीनचं सामानही बसेल. तर हा हसला. त्यांची एक वायर तर आहे, म्हणाला, आणि मला उचललं. काय तो माझा आनंद! थोरल्याकडे बघून मी नाक मुरडलं. मूर्ख होतो, दुसरं काय.

नाना म्हणजे प्रबुद्धचे वडील. अंधेरीच्या एका छापखान्यात त्यांनी तीस वर्षं मशीनवर काढली आणि त्या धडधडीत कान गमावले. तरी दर रविवारी वाकोल्याच्या विहारात सगळ्यांकडून वंदना म्हणून घ्यायचे ते नानाच. आवाज असा खणखणीत की बाहेरच्या रस्त्यावर ऐकू यावा. त्यांची एकच इच्छा राहिली होती. बोधगयेला जायचं आणि बोधिवृक्षाखाली बसून देशोदेशीच्या भिक्खूंच्या तोंडून वंदना ऐकायची. कानात घालायच्या दोन इवल्या मशिनी त्यांनी नुकत्याच घेतल्या होत्या, त्याही त्याचसाठी. झोपताना त्या एका पांढऱ्या डबीत ठेवायच्या, डबीला वायर लावायची, की सकाळी नानांचे कान तयार. प्रबुद्धने तिकिटं काढली तेव्हा म्हाताऱ्याने आठवडाभर आधीच आपली बॅग भरून ठेवली.

निघायच्या सकाळी प्रबुद्धने माझं पोट भरलं. खोटं कशाला बोलू, भरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. बोटभर जागा वाया गेली नाही. शेवटी नानांची डबी आली आणि ती कुठेच बसेना. दोनदा दाबून पाहिलं, झिप लागेना. मग त्याने डबीची वायर तेवढी काढून माझ्यात खोचली आणि डबी टेबलावर ठेवली.

"अरे, ती डबी लागते," नाना म्हणाले.

"नाना, ती नुसती ठेवायची डबी आहे. चार्जिंग वायरीने होतं. मला कळतं ना."

नानांनी आपली बॅग उचलली. चाळीत कुणाचा टीव्ही बिघडला तरी 'थांबा, आमच्या प्रबुद्धला पाठवतो' म्हणणारा हा बाप. पोराला काही कळत नाही, असं तो कोणत्या तोंडाने म्हणणार? ती डबी त्यांच्या बॅगेत दोन सदऱ्यांच्या मध्ये सहज गेली असती. पण साहेबांनी सांगितलं ना, नको!

विमानाने बोधगयेला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली आणि मशिनी बंद पडल्या. प्रबुद्धने मला ऐटीत उघडलं, वायर काढली आणि मशीन बोटांत धरून सगळीकडून फिरवली. वायर लावायला तिला भोकच नव्हतं. डबीत बसली तरच ती चार्ज व्हायची. त्याचं तोंड उतरलं. त्याने गावातली दुकानं पालथी घातली, पण तसली डबी कुणाकडे नव्हती. परत येऊन तो नानांना 'चुकलं माझं' म्हणाला, तर तेही त्यांना ऐकू गेलं नाही. नानांनी मशिनी रुमालात बांधून खिशात टाकल्या आणि उलट त्याच्याच पाठीवरून हात फिरवला.

सकाळी विहाराच्या दाराशी कळलं की मोबाईल आत नेता येत नाही. झालं! फोन, पॉवर बँक, सगळं माझ्यासकट बाहेर काउंटरवर जमा. मापं घेऊन घेऊन आणलेला पसारा फळीवर पडला. जिची खरी गरज होती ती एक वस्तू वाकोल्यात टेबलावर होती.

आत काय झालं ते मला परतीच्या टॅक्सीत कळलं, नीलम नवऱ्याला सुनावत होती तेव्हा. वंदना सुरू झाली. नानांना भिक्खूंचे ओठ हलताना दिसले, म्हणून त्यांनीही हात जोडून सुरुवात केली. स्वतःचा आवाज कळेना, तो चढत गेला. बाकीच्यांची वंदना संपली, नानांची चालूच. माणसं वळून बघायला लागली. तेव्हा प्रबुद्धने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या ओठांवर बोट धरलं.

"चाळीस वर्षं लोकांना वंदना शिकवली त्यांनी," नीलम म्हणाली, "आणि तिथे नेऊन तू त्यांना गप्प केलंस."

नाना पुढच्या सीटवर बसून बाहेर बघत होते. घरी येईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही.

पुढच्या रविवारी विहारात मंडळी जमली. प्रबुद्धला फोन टीव्हीला जोडून फोटो दाखवायचे होते, म्हणून मीही गेलो. नानांच्या कानात मशिनी होत्या, रात्रभर डबीत चार्ज झालेल्या, ठणठणीत. फोटो झाले. मग त्यांचे जुने सोबती जयवंतराव म्हणाले की फोटो राहू दे, तिथली वंदना कशी असते ते सांग. सगळे पुढे सरकले. मला वाटलं, आता म्हातारा खरं बोलणार. बोलावं असंच मला वाटत होतं.

नानांनी एकदा मुलाकडे पाहिलं.

"काय सांगू जयवंत," ते म्हणाले, "कान तृप्त झाले. माझ्या पोराने मला ऐकवलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी प्रबुद्धची पाठ थोपटली. तो मान खाली घालून एकच वायर पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिला.

मित्रांनो, मला जपा, माझी झिप शिवून घ्या, असलं काही मला मागायचं नाही. मी फाटलो तर फाटू दे, दुकानात माझ्यासारखे पन्नास टांगलेत. पण सामान भरताना घरातलं म्हातारं माणूस 'हे लागतं' म्हणालं, तर आधी ते भरा. का लागतं, ते वाटेत विचारा. तेव्हा त्यांना ऐकू येत असेल.