चक्रीची कळी

घड्याळजींच्या घराला खिडक्या दोनच, आणि त्यातली एकही त्यांची नव्हती. एक बायकोच्या व्हायोलेटच्या फुलझाडांनी बळकावलेली, दुसरी तिच्या जाड पानांच्या मंडळींनी. कान तुटलेले कप, औषधाच्या बाटल्यांची झाकणं, गंजके डबे, मिळेल त्यात बाईने माती भरलेली. घड्याळजी कुरकुरायचे, "अगं, मला कामाला उजेड लागतो. चाचपडत बसवू का काटे?" त्यावर ती म्हणायची, "तुम्हाला दिवा चालतो. त्यांना नाही चालत." झालं, विषय संपला.

वाटण्यात मात्र बाईचा हात भारी सैल. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस असो, की बंद पडलेलं घड्याळ घेऊन आलेलं गिऱ्हाईक, जाताना त्याच्या हातात ओल्या कापसात गुंडाळलेलं व्हायोलेटचं एक पान असायचंच. "देठ मातीत खोचा, पाणी बेताने घाला, झाड होईल. आणि माझं मेलं तर मी मागायला येईन हं!" लोक हसायचे. पण ती खरंच जायची मागायला. आपली झाडं चार घरी ठेवलेली असली की तिला रात्री झोप लागायची.

एका झाडापुरता तिचा हात आखडायचा. पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या मधोमध जांभळी रेघ. वाऱ्यावर फिरणारी कागदी चक्री असते ना, तसंच फूल. म्हणून नावही चक्रीच. चक्रीचं पान कितीही मागा, मिळायचं नाही. "पिल्लू झालं की देईन," म्हणायची. पिल्लू म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटणारं कोवळं रोपटं. असं एकच पिल्लू तिने आजवर दिलं होतं, जुन्या मैत्रिणीला, कोपऱ्यावरच्या बेकरीवालीला. पान का नाही आणि पिल्लूच का, हे घड्याळजींनी कधी विचारलं नाही. तिने सांगितलंही असेल. पण या माणसाचा एक कान कायम कुठल्यातरी घड्याळाच्या टिकटिकीकडे, तर दुसऱ्याने ऐकणार किती?

मग तिचं पोटाचं दुखणं निघालं आणि ती हॉस्पिटलात गेली. जाताना दुखण्याबद्दल चकार शब्द नाही. सूचना सगळ्या झाडांच्या. "पाणी खालच्या बशीत घाला. वरून नको. गाभा सडतो."

घड्याळजी हाताचे पक्के. सकाळी डोळ्याला भिंग लावून एकेक कुंडी तपासायची, सुकलेलं पान चिमट्याने काढायचं, मग हॉस्पिटल. बायको साध्या व्हायोलेटची पिल्लं खुडून फेकायची, हे त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. "गर्दी झाली की फुलत नाहीत मेली," ती म्हणायची. चक्रीच्या बुडाशी पिल्लं दिसली, तेव्हा त्यांनी तीही सफाईने काढली आणि केराच्या डब्यात टाकली. वर स्वतःवर खूशही झाले.

आणि मग एकदा डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. आता इलाज नाही, काही महिने इथेच ठेवू, मग घरी न्या. घड्याळजी घरी आले, तांब्या भरला आणि डोकं ठिकाणावर नसताना सगळ्या झाडांवर वरूनच ओतला. बाकीची तरली. चक्रीचा गाभा काळा पडला आणि बोटाने दाबला तर लिबलिबीत लागला.

माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. एक धड पान उरलं होतं. तिच्यासारखंच त्यांनी ते मातीत खोचलं. ती हॉस्पिटलात विचारायची, "चक्री कशी आहे?" आणि हे म्हणायचे, "मजेत!" खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे मजेत हा शब्द जरा मोठ्यानेच निघायचा. पण पानाला मुळं फुटली, इवलीशी पानं वर आली, आणि ती घरी येईपर्यंत जुन्या कुंडीत एक गोंडस झाड उभं राहिलं. घड्याळजींना वाटलं, निभावलं.

तिचा पलंग त्यांनी व्हायोलेटच्या खिडकीपाशी लावला. तिने चक्रीकडे बघितलं, बघतच राहिली.

"लहान दिसतंय हो."

"तू नव्हतीस ना. खुरटलं."

"बरं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "फुलेल ना लवकर? एकदा बघायचंय मला."

एवढंच मागणं होतं तिचं. जेवण उतरत नव्हतं, कूस बदलायलाही हात लागायचा, पण सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "कळी आली का?"

आणि कळी आली. पानाआडून लवदार, गव्हाएवढी. तिला अजून दिसलेली नव्हती. घड्याळजी पोराच्या उत्साहाने बेकरीत धावले. बेकरीवालीला सगळं सांगून टाकलं, सडलेलं झाड, वाचवलेलं पान आणि आता कळी!

तिचा पाव बांधणारा हात थांबला. "पानापासून केलंत? अहो, चक्रीची रेघ पानातून येत नाही. पानातून फूल येतं ते साधं जांभळं. रेघ फक्त पिल्लातून येते. म्हणून तर ती पान देत नव्हती कुणाला. पिल्लं असतील ना ठेवलेली?"

घड्याळजींना केराचा डबा आठवला.

"तुमच्याकडे एक आहे ना?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"माझं गेल्या उन्हाळ्यात गेलं हो. म्हटलं, तिच्याकडे आहेच, मागून घेईन." बेकरीवालीने डोळ्याला पदर लावला. घड्याळजी पाव तिथेच विसरून परत फिरले.

आता शहाण्या माणसाने काय करावं? घरी जाऊन बायकोला सांगून टाकावं. रागावली असती, रडली असती, झालं असतं. पण घड्याळजींना वाटलं, साधं जांभळं फूल उमललं की हिला एका क्षणात सगळं कळणार, झाड मेल्याचंही आणि मी थापा मारल्याचंही. या अवस्थेत हे बघून ही जाणार? छे! ती झोपली होती. त्यांनी हत्यारांच्या पेटीतून बारीक चिमटा काढला आणि कळी खुडली.

"कळी आली का?"

"नाही अजून."

पुन्हा कळी आली, पुन्हा खुडली. झाड तरुण, फुलायला आसुसलेलं, एक काढली की दुसरी हजर. सगळा जन्म बंद पडलेल्या वस्तू चालू करण्यात गेलेला हा माणूस आता रोज सकाळी एक चालू वस्तू बंद पाडत होता. गिऱ्हाइकांची घड्याळं तशीच पडून राहिली.

एका दुपारी ती म्हणाली, "कुंडी द्या जरा मांडीवर." नाही कसं म्हणणार? त्यांनी दिली. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. त्याला वाटेला लावून परत येतात तो काय, हिच्या डोळ्याला यांचं भिंग! स्टुलावरच राहिलं होतं.

"चिमट्याने खुडलंय," ती म्हणाली. आवाज एवढासा. "नखाने खुडलं तर देठ चेंगरतो. हा कसा साफ तुटलाय. हात तुमचाच."

घड्याळजींनी हत्यारांची पेटी पायाने पलंगाखाली सारली.

"पानापासूनचं आहे ना हे? मला घरी आले त्याच दिवशी कळलं. माझ्या झाडाचं जाड खोड मी ओळखत नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, फूल आलं की तुम्हीच सांगाल. तुमची गंमत करायची होती."

"अगं, पण रेघ येणार नव्हती. आणि पिल्लं मी... पिल्लं मी केरात टाकली गं." आणि एवढा मोठा माणूस पलंगाच्या कडेला बसून हमसून हमसून रडायला लागला.

तिने भिंग खाली ठेवलं. "घड्याळं तरी धड दुरुस्त करायचात ना हो, का तीही अशीच?" ती थोडी हसली, मग हसू गेलं. "साधं तर साधं. जांभळं मला चाललं नसतं का? इतके दिवस मी वाट बघत इथे पडले आहे. एक फूल तर बघू द्यायचंत."



त्या दिवसापासून चिमटा पेटीत गेला. नवी कळी आली तेव्हा त्यांनी आधी तिला दाखवली, आणि मग दोघं तिच्याचकडे बघत बसायची. पण कळीला कुणाची घाई कळत नाही. घड्याळजी कुंडी ऊन सरकेल तशी सरकवायचे, ढग आले की कामाचा दिवा कळीवर धरायचे. "आज जरा रंग दिसतोय," ते म्हणायचे. ती डोळे उघडायची, बघायची, पुन्हा मिटायची. पुढे पुढे तर नुसतीच मान हलवायची. एका सकाळी त्यांनी हाक मारली, तेव्हा मानही हलली नाही. कळी मिटलेलीच होती.

कळी उमलली लोक दुखवट्याला येत होते तेव्हा. साधं जांभळं फूल, मधोमध पिवळा ठिपका. चांगलं होतं हो फूल. बेकरीवाली कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभी राहिली. "मला एक पान द्याल?" तिने विचारलं.

घड्याळजींनी कापूस भिजवला, एक पान काढून त्यात नीट गुंडाळलं.

"रेघ नाही येणार," ते म्हणाले, "साधी आहे. आणि..." त्यांनी पान तिच्या हातात ठेवलं. "कळी आली की येऊ द्या. खुडू नका."