सातवी रांग, डावी खिडकी

माझा मेहुणा दुकानांच्या पाट्या रंगवतो. अकरा वर्षांपूर्वी त्यानं बहिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, शिवणाच्या दुकानाची पाटी रंगवली आणि तीवर तिचा चेहरा काढला. चांगला दोन हनुवट्यांसकट. तेव्हापासून अबोला. त्याचा फोन आला की ही सरळ कापायची.

आता आम्ही कायमचे लेकीकडे, परदेशात निघालो होतो. मेहुण्यानं मला गाठलं.

"भावोजी, विमानतळाच्या कुंपणाला लागून माझी गच्ची आहे. तीवर ताईचा चेहरा काढलाय. खाली लिहिलंय, 'ताई, चुकलो'. तुम्ही तिला फक्त खिडकीशी बसवा. आधी सांगू नका, नाहीतर डोळे मिटून घेईल."

चेहरा एवढा, की एका डोळ्यात त्याची स्कूटर उभी राहायची. नाकावर बगळे उतरायचे, मी स्वतः पाहिलेत. पंधरा दिवस विमानं न्याहाळून त्यानं हुकूम सोडला : सातवी रांग, डावी खिडकी. त्यामागं पंख आडवा येतो. सकाळचं ऊन उजवीकडं, म्हणजे काच झगमगणार नाही. गच्ची दिसणार नऊ सेकंद.

नवसाच्या पोरासारखी खिडकी मिळवली मी! ही बसली. पट्टा लावला. तेवढ्यात वैमानिकाचा आवाज आला, "वारा फिरलाय, आज आपण उलट्या दिशेनं उडणार आहोत."

उलटी दिशा, म्हणजे गच्ची उजवीकडं!

उजव्या खिडकीशी एक दातांचे डॉक्टर होते. शेजाऱ्याची दाढ तपासत होते, म्हणून कळलं.

"डॉक्टर, आमच्या खिडकीशी या. वर गेलं की तिकडं ज्वालामुखी दिसतो."

"ज्वालामुखी? इथं?"

"धुमसतो हो. सकाळीच."

"डॉक्टर, यांचं काही ऐकू नका," आमची ही कडाडली. "चाळीस वर्षांत यांचं एक वाक्य खरं निघालेलं नाही."

डॉक्टर पुन्हा दाढेकडे वळले. विमानाचं दार बंद झालं. खरं सांगावं तर डोळे मिटणार, आणि खोटं तर आत्ताच पकडलं गेलं होतं.

हिनं माझ्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. कापड किती आटेल याचा अंदाज घेताना पाहते, तसं.

"हे डावीकडं म्हणताहेत ना? मग बघण्यासारखं जे असेल ते उजवीकडंच." पट्टा सुटला. "उठा डॉक्टर. ज्वालामुखी तुम्हाला."

त्या नजरेपुढं मीही कधी टिकलो नाही, डॉक्टर काय टिकणार!

विमान धावलं. मी डावीकडंच अडकलेला. मला दिसत होती फक्त हिची मान. चाकं सुटली. एक, दोन, तीन... मान हलेना. पाच, सहा... डोळे तर मिटले नसतील? नऊ झाले. ढग आले.

मग हिनं पदरानं नाक पुसलं.

"बघितलंस?" मी हळूच विचारलं.

"बघितलं. गाढवानं परत दोनच काढल्यात."

विमान उतरताच, पट्ट्याचा दिवा विझायच्या आत, हिनं अकरा वर्षांनी त्याला स्वतः फोन लावला. पहिला अर्धा तास नुसत्या हनुवटीवरच बोलत होती.

इकडं माझ्या शेजारी डॉक्टर सगळ्यांना सांगत होते, ज्वालामुखी अगदी स्पष्ट दिसला म्हणून.