आमच्याकडे फक्त ‘ग’ आहे

आमच्या घरी जुन्या ज्ञानकोशाचा एकच खंड आहे, ‘ग’चा. म्हणून ही गोष्टही ‘ग’नेच सांगते.

गठ्ठा : त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गावात मदतीचे ट्रक आले. कुणाला घोंगड्या मिळाल्या, कुणाला नेकटाय. माझ्या वडिलांच्या, भुजंगअण्णांच्या, गठ्ठ्यात दोन चादरी, बिस्किटं आणि हा जाडजूड ग्रंथ निघाला. पत्र्याच्या शेडमध्ये बसून अण्णांनी तो गणितापासून गोवऱ्यांपर्यंत वाचून काढला.

गुणाबाई : क्रमाने पुढे यायला हवी होती, पण आई आहे, तिला कोण अडवणार? वाकडे पापड सरळ व्हावेत म्हणून ती ते ग्रंथाखाली दाबायची. एकदा एक पापड तिने थेट आतच ठेवला.

गरज : वीस वर्षांत पानांचा भुगा व्हायला लागला. ग्रंथावरच्या हक्कांची मुदत कधीच संपली होती, त्यामुळे पानं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवायला कुणाची ना नव्हती. अण्णा म्हणाले, “मला फुकट मिळालं, फुकटच जाऊ दे. पण त्यावर कुणाचं नाव नको.”

स्कॅनर होता लातूरला, मी नोकरी करते त्या कोचिंग क्लासच्या ऑफिसात. क्लास नरसिंग सरांचा. सरांचा फोटो नोट्सवर, वह्यांवर, पाण्याच्या जारवरसुद्धा.

“वापर की स्कॅनर,” सर म्हणाले. “फक्त हरेक पानावर, वरती उजव्या कोपऱ्यात, आपला फोटो टाक. एक बी पान सुटायला नको.”

मी हो म्हणाले. अण्णांना काही कळवलं नाही.

गाढव : इंटरनेटवर चढवायच्या आधी सरांना नमुन्याचं पान दाखवलं. पान मीच निवडलं होतं. उजवीकडे सर हसत होते, डावीकडे गाढवाचं चित्र. खाली मजकूर : ‘हा प्राणी गरीब, मात्र हट्टास पेटल्यास जागचा हलत नाही.’

“ऋतुजा, हे काय करायलीस?”

“तुम्ही सांगितलं तेच, सर. वरती, उजवीकडं.”

चहा घेऊन आलेल्या सिद्धम्मामावशी स्क्रीनकडे वाकल्या. “दोन्ही फोटो लई झ्याक आलेत, सर.”

सरांनी चहा घेतला नाही. “हे एक पान सोड मग.”

“सोडते. पण पोरं लई बेरकी हाईत. विचारतील, सर समद्या पानांवर हाईत, मग गाढवापाशीच का लपले?”

सरांनी विचारलं, “पुढं काय काय हाय?”

“गिधाड. गोगलगाय. गोचीड.”

गोचीड : हे पान सरांनी पाहिलंच नाही. “काढ समदे फोटो,” म्हणाले आणि वर्गावर गेले. तास सुरू व्हायला अजून वीस मिनिटं होती.

गोल : रविवारी गावी जाऊन, इंटरनेटवर चढवलेली पानं उघडून अण्णांच्या हातात फोन दिला. त्यांनी गाढवाचं पान डोळ्यांजवळ धरलं. कोपरा कोरा. मधोमध मात्र तेलाचा फिकट, गोल डाग.

“हे काय?”

“आईचा पापड. पुसू का?”

“बघा, मलाच पुसा आता,” आई चुलीपासून म्हणाली.

अण्णांनी पान आणखी जवळ घेतलं. “नाव हाय का त्यावर कुणाचं?”

“न्हाई.”

“मग राहू दे.”