बांधून ठेवलेलं फाटक

निळी नायलॉनची दोरी, गाठ पावसापाण्यानं आवळून बसलेली, बेरिलच्या अंगठ्याला दाद देईना. फाटक सताड उघडं ठेवून दगडी भिंतीच्या कडीला बांधलेलं. कोण हा गबाळा शेतकरी... सुटली एकदाची गाठ. तिनं फाटक ओढलं, अडसर सरकवला, वर हलवून पाहिलं.

"अगं, बांधलेलं होतं ते," पुढे गेलेली धाकटी बहीण मॉरीन म्हणाली.

"तू मला फाटक शिकवू नकोस. पोस्टात तिकिटं चिकटवण्यात जन्म गेला तुझा."

मॉरीन हसली. सकाळी इंग्लंडच्या पश्चिमेला, सेंट बीझच्या किनाऱ्यावर रीतीप्रमाणे दोघींनी बुटांची टोकं लाटेत बुडवली, तेव्हापासून ती हसतच होती. आता थेट पूर्वेच्या समुद्रापर्यंत चालायचं. आणि ही वाट मध्येच कुठेतरी, डोंगर ओलांडून, बेरिलच्याच अंगणातून जाणार होती... जन्मभर तिनं त्या अंगणातून जाणारे-येणारे पाहिले — पाठीवर बोचकी, गळ्यात नकाशे, तोंडात सफरचंद — आणि एकालाही धड सोडलं नाही. फाटक लाव रे! तुझ्या बापाचं रान आहे का? नवरा, नॉर्मन, होता तोवर म्हणायचा, एकदा आपणही चालू. ती म्हणायची, चालू की, मेंढ्या काय तू पाठीवर घेणार? — तो गेला, आणि आता ही चाल, गुडघ्यांत वाळू भरल्यासारखी.

संध्याकाळी फोन करायचा होता. शेत आता माझ्या न् टेसाच्या हाती दे, आई, गावातलं छोटं घर तुझ्यासाठी बघून ठेवलंय, पहिल्या मुक्कामावरून हो किंवा नाही सांग — स्टुअर्ट म्हणाला होता. पोरगा कष्टाळू. पण सून, टेसा... वसंतात, कोकरं लहान असताना, हिनं वरचं फाटक उघडं टाकलं. 'मुद्दाम ठेवलंय,' म्हणाली. मुद्दाम! मी दूधवाल्यादेखत तिला झाडली, आणि स्वतः जाऊन फाटक लावून आले. पुढे ती काही बोलली नाही. काय बोलणार?

दोघी भिंतीच्या आडोशाला बसल्या. थर्मासातला चहा, चीजचे सँडविच. वरच्या रानातून मेंढ्यांचा कालवा ऐकू येत होता. तहानेचा कालवा वेगळा असतो... हे बेरिलच्या कानाला कळलं, आणि तिनं मान वळवली नाही.

मग चारचाकी मोटारसायकल धडधडत आली. वर तांबड्या कानांचा तरणा शेतकरी, मागे कुत्रा.

"फाटक तुम्ही लावलंत?"

मॉरीननं चहाच्या कपात तोंड घातलं.

"हो," बेरिल म्हणाली.

"कशाला? पाणी खालच्या ओहोळात, अन् मेंढ्या वर अडकल्या. उघडं दिसलं तर उघडं ठेवावं, लावलेलं दिसलं तर लावावं, एवढं कळत नाही? आजी, शहरातनं येता, फिरा की, पण लुडबूड कशाला?"

शहरातनं! — तिच्या जिभेवर सगळं तयार होतं. तुझ्या जन्माआधीपासून मी मेंढ्यांची बाळंतपणं करतेय, मेल्या... तोंड उघडलं. त्याच्या विजारीवर चिखल होता, डोळे जागरणानं सुजलेले. तो तिच्याकडे बघत होता ते नुसतं वाटेवरचं आणखी एक बोचकं म्हणून.

"चुकलं माझं," ती म्हणाली. कुणाचा आवाज हा?

"बरं," तो ओशाळून म्हणाला. "पाय जपा, पुढे निसरडं आहे."

मग ती पुढे चालली. मॉरीननं चेष्टा केली नाही, याचाच राग आला. कशासाठी उघडं होतं ते, वसंतातलं, टेसाचं? तिकडंही पाणी खालीच होतं... नाही, तिथे वर टाकी होती. टाकी गळत होती का? आपण विचारलंच नाही. इतकी वर्षं कुणालाच विचारलं नाही.

मुक्कामाच्या खानावळीबाहेर बाकावर बसून तिनं बूट सैल केले, फोन लावला. टेसानं उचलला.

"थांबा हं, स्टुअर्टला देते."

रोजचंच होतं ते. इतकी वर्षं फोनवर 'स्टुअर्टला दे' याखेरीज बेरिल काही बोललीच नव्हती तिच्याशी.

"नको," बेरिल म्हणाली. "राहू दे."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. टेसा वाट बघत होती. हो की नाही, बेरिलच्या ओठांवर अजून काहीच आलेलं नव्हतं. पण जे काय असेल ते हिलाच सांगायचं आहे, हे आत कुठेतरी, दुखऱ्या गुडघ्यासारखं, ठणकू लागलं होतं...

"दमलात का?" टेसानं विचारलं.

"दमले गं," बेरिल म्हणाली, आणि फोन कानाला तसाच धरून बसली.