आधी फुंकर, मग अंगठा

मी एक जुनी फुंकणी आहे. चुलीतला विस्तव फुलवायची वीतभर नळी नव्हे, उगाच नाक मुरडू नका. मी काचेच्या भट्टीवरची फुंकणी, उभी केली तर माणसाच्या छातीला लागेन एवढी, अस्सल लोखंडाची. शाळेची पायरी मी चढले नाही, त्यामुळे गोडगोड बोलायला शिकायचे राहून गेले. मित्रांनो, माझ्या गोष्टीत मारझोड आहे, जाळपोळ आहे. सोसत असेल त्याने बसावे.

माझा जन्मच मारहाणीत झाला. लोहाराने लोखंडाची पट्टी लालभडक तापवली, सळईभोवती गुंडाळली आणि घणाखाली अशी बडवली की सांधा कुठे आहे ते आज मलाही दाखवता येणार नाही. मग सळई उपसून काढली. झाले, बाहेरून कणखर आणि आतून मोकळी. पुढे मला भेटलेली बरीच माणसे नेमकी उलटी निघाली, ते असो.

तिथून मी आले भट्टीवर. पत्र्याची लांब शेड आणि मधोमध ती. तिला पोट आहे, तोंड आहे, लाज तेवढी नाही. दिवसभर डरकाळ्या फोडते. तिच्या पोटात काचेचा रस उकळत असतो. माझे टोक त्यात बुडवायचे, रसाचा गोळा गुंडाळून बाहेर काढायचा, मला गरागरा फिरवत राहायचे आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकायचे. गोळा फुगतो, त्याची बरणी होते. फिरवणे थांबले की गोळा ओघळतो आणि पायावर पडतो. मग पायाचे काय होते ते विचारू नका.

या कामातली एक रीत ध्यानात ठेवा. ताजा गोळा भलता हट्टी असतो. नुसती छाती लावून फुंका, तो दाद देत नाही. म्हणून आधी इवलीशी फुंकर घालायची, लगेच माझ्या तोंडावर अंगठा दाबायचा आणि गप उभे राहायचे. आत कोंडलेली हवा तापते, आपसूक पसरते आणि गोळ्याच्या पोटात वाटाण्याएवढा फुगा उमलतो. एकदा तो आला की पुढचे सोपे. आधी फुंकर, मग अंगठा. माझ्या पहिल्या मालकाने आपल्या दोन्ही पोरांना बोलायच्या आधी हे शिकवले असेल.

मालक गेला आणि शेड त्याच्या बायकोने सांभाळली. तिला सगळे आईच म्हणायचे. भट्टीसुद्धा तिला वचकून असायची. मी गेले थोरल्या लेकाच्या हाती. त्याची छाती म्हणजे लोहाराचा भाता! पहिला फुगा आला की राहिलेली सबंध बरणी तो एका दमात फुंकायचा. म्हणून त्याचे नावच पडले एकदम्या. लोक मुद्दाम बघायला यायचे. "काय छाती आहे!" म्हणायचे. फुंकणीचे नाव कोणी काढले नाही. तरी मी मिरवायचे ते मिरवलेच.

मग त्या छातीत संसर्ग शिरला. आधी साधे सर्दीपडसे म्हणून त्याने अंगावर काढले. नंतर खोकला असा सुटला की वाटावे, आतून कोणी लाथा घालतेय. तापाने फणफणला, दवाखान्यात पडला, औषधे झाली. ताप गेला, छातीचा फोटो स्वच्छ आला. श्वास मात्र पहिल्यासारखा झाला नाही. जिना चढला की धाप. बूट घालायला वाकला की धाप. आणि धाप लागली की डोळ्यांत असे काही उतरायचे, की मला त्याच्याकडे बघवत नसे. पण तो भितो असे म्हणायची सोय नव्हती. एकदम्या ना तो!

त्याने काय करावे? रोज सकाळी आल्या आल्या मोठ्या बरणीचा गोळा घ्यायचा आणि श्वास परत आला का ते बघायचे. धीर नव्हता, म्हणून अंगठा लावून थांबणे सोडले. नुसतीच छाती लावायचा. गोळा हलायचा नाही, नाहीतर एका बाजूने पातळ होऊन फाट्कन फुटायचा. काचा उडायच्या. मग तो मला भिंतीवर आपटायचा. गोळा हट्टी आणि मार मला! माझे टोक वाकले, भिंतीचे पोपडे पडले, पाण्याचा माठ फुटला, एक स्टूल मोडले.

"अहो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, वेळ लागेल," त्याची बायको म्हणायची.

"इथे मला श्वास पुरत नाही, आणि तू वेळ काय सांगतेस!"

एके दिवशी फुटलेल्या बरणीपाठोपाठ त्याने दुसरा गोळा घेतला. मोठा, पांढराशुभ्र तापलेला. ओठाला लावला आणि फुंकताच येईना. खांदे वर-खाली, नुसता घरघर आवाज. धाकटा भाऊ जवळ आला.

"दादा, सोड. आजचा दिवस मी फुंकतो."

"का? मी मेलोय?"

"तसं कोण म्हणतंय? ओठ बघ तुझे, पांढरे पडलेत."

"फुंकणी पाहिजे तुला. माझी जागा पाहिजे. टपूनच बसलायस!"

"दादा, वेड लागलंय का तुला?"

आणि थोरल्याने मला फिरवले. लाठी फिरवावी तसे. मित्रांनो, माझ्या टोकाला तेव्हा वितळलेली काच होती. तिची धार सुटली आणि धाकट्याच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत बसली. तो जो ओरडला, तो आवाज भट्टीच्या आवाजाच्या वर गेला. उरलेली काच बरण्या बांधायच्या गवतात पडली आणि गवत भडकले. जळक्या कातडीचा वास, धूर, पळापळ. कामगारांनी वाळू टाकून आग विझवली. आईने हौदाजवळ धाकट्याला बसवले, पाणी ओतायला माणूस लावला, "थांबू नकोस, ओतत राहा" म्हणाली, आणि थोरल्याकडे वळली. मला त्याच्या हातातून हिसकावले आणि बादलीत खुपसले. माझ्या टोकावरची काच बंदुकीसारखी तडतडत फुटली. मग तिने त्याच्या मुस्काटात दिली.

"चाळिशीचा घोडा! भावाला जाळतोस? बापानं याचसाठी शिकवलं होतं?"

तो उत्तर द्यायला गेला आणि खाली बसला. तोंड उघडे, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. "आई... हवा येत नाही."

ज्या हाताने मारले त्याच हाताने तिने त्याचा चेहरा धरला. बादलीतून मी पाहिले.

दोघांनाही दवाखान्यात नेले. पुढचे मला त्याच्या बायकोच्या तोंडून कळले. धाकट्याच्या हाताला मलमपट्टी झाली. थोरल्याची छाती डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नीट तपासली. नवीन काही नव्हते. त्या म्हणाल्या, "आजार गेला, पण आतली सूज सावकाश जाते. कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला काही महिने. दम लागला की तुम्ही घाबरता, घाबरलात की श्वास आखूड होतो, मग आणखी घाबरता. नाकानं घ्या, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडा. पाण्याच्या बाटलीत नळी घालून बुडबुडे काढा. रोज थोडं चाला. मी सांगेपर्यंत भट्टी बंद. आणि ताप उलटला, छातीत दुखलं, बसल्या जागी दम लागला किंवा ओठ निळे पडले, तर घरी बसून विचार करू नका, थेट इकडे या."

घरी येऊन त्याने बायकोने बुडबुड्यांसाठी आणलेली बाटली फोडली. "बुडबुडे काढू? मी? पोरखेळ लावलाय!"

माझी रवानगी शेडमागच्या भंगारात झाली. माझ्या पायाशी फुटक्या बरण्यांचा ढीग. त्यांना निदान पुन्हा भट्टीत जाऊन नवे होण्याची आशा होती. मला पावसाने गंज चढवला आणि कोळ्याने माझ्या तोंडात घर केले. आयुष्यभर ज्या तोंडाने माणसांचे श्वास वाहिले, त्यात कोळी! एवढी सेवा करून हे फळ.

एका सकाळी आईने मला ओढून काढले. तारेच्या ब्रशने आतून-बाहेरून असे घासले की लोहाराची आठवण झाली. उकळत्या पाण्याने धुतले. मग ओट्यावर बसलेल्या थोरल्यापुढे पाण्याची बादली आदळली आणि मला त्याच्या हातात दिले.

"बुडबुडे काढ."

"आई, नको ना."

"बायकोनं आणलेली बाटली फोडलीस. आता ही फोडून दाखव."

त्याने रागाने फुंकले. बादलीतले पाणी उसळून आईच्या तोंडावर आले, आणि त्याला भोवळ आली. आईने तोंड पुसले.

"आंघोळ झाली माझी. आता काम कर. गोळ्यातला पहिला फुगा कोण काढतं?"

"मी."

"तू? तुझ्या बापाला तरी नुसत्या छातीनं निघाला का कधी? तू फुंकर घालतोस, अंगठा लावतोस आणि गप उभा राहतोस. फुगा आच काढते. आजारातून उठलास आणि नेमका थांबायचं विसरलास. हट्टी गोळ्याला जे देतोस, ते आपल्या छातीला द्यायला काय झालं?"

तो पाण्याकडे बघत हळूच म्हणाला, "आई, मला भीती वाटते. झोप लागली तर श्वास घ्यायचा राहून जाईल असं वाटतं."

"मग हे बोलायचं होतंस. भावाचा हात जाळण्यापेक्षा तोंड उघडणं सोपं होतं." आणि ती त्याच्या शेजारी ओट्यावर टेकली. ती टेकलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

त्याने नाकाने श्वास घेतला. माझ्यातून हळू सोडला. बादलीत वाटाण्याएवढे बुडबुडे आले. सवयीने त्याचा अंगठा माझ्या तोंडावर बसला. तो थांबला. आणि पुढचा श्वास न बोलावता आला.

मोठमोठ्या बरण्या फुंकलेली मी, बादलीत बुडबुडे काढत बसले. अपमान म्हणायचा तर अपमानच. पण सांगायला लाज कसली, इतक्या प्रेमाने मला पूर्वी कोणी धरले नव्हते.

तो आधी गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागला, मग पुलापर्यंत. मधेच दिवस वाईट जायचे, चार पावलांत धाप लागायची. तेव्हा तो काही आपटायचा नाही. बायकोला म्हणायचा, "आज घाबरलोय गं, जरा शेजारी बस."

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली तेव्हा तो शेडमध्ये आला. माझे टोक सरळ केलेले होते. त्याने छोटा गोळा घेतला, फुंकर घातली, अंगठा लावला. गोळ्याच्या पोटात फुगा उमलला. मग त्याने मला धाकट्यापुढे धरले. धाकट्याच्या हातावरची कातडी आता काचेसारखी चकाकते, ती खूण कधी बुजणार नाही. त्याने आधी भावाकडे पाहिले, मग मला घेतले आणि राहिलेली बरणी फुंकली. जरा बसकी झाली.

"काय एकदम्या," एक कामगार म्हणाला, "आज बरणीला दोघांचा दम लागला की!"

"तुझा एकाचा तरी कुठे दिसतोय?" आई म्हणाली. "गोळा फिरव, ओघळतोय."

हे सगळे गोड झाले असे समजू नका. मी थोरल्याच्या हातात असले की धाकटा अजूनही त्याच्या डाव्या बाजूला उभा राहत नाही. मी तिकडूनच फिरले होते. थोरल्याला ते ठाऊक आहे. तो मला खाली टेकवून धरतो आणि त्याला वाट देतो.

तर मित्रांनो, म्हातारीचे एवढे ऐका. माझ्यासारख्या जुन्या वस्तूला काम झाल्यावर धुवा, पुसा, खुंटीला लावा; राग काढायला भिंतीवर आपटू नका. आणि आजारातून उठलेल्या छातीला रोज परीक्षेला बसवू नका. दम अडला तर दवाखाना आहे. भीती वाटली तर घरात माणसे आहेत, त्यांना हाक मारा. हाक मारायला फार श्वास लागत नाही.

आता पुरे. थोरला बादली घेऊन येतोय. चालीवरूनच कळते, आज पुन्हा मनात भीती आहे. ये बाबा, बस. तो मला खुंटीवरून काढतो, पाण्यात टेकवतो, हळू फुंकर घालतो. माझ्या तोंडावर त्याचा अंगठा बसतो.

आम्ही दोघे थांबतो.