पोखर्णीची शीव

पोखर्णीला नरसिंहाची जत्रा भरायची वेळ आली की उमाजी मास्तर ख्रिस्ती वस्तीतल्या प्रार्थनाघराच्या दारावर एक कागद चिकटवत. जत्रेच्या आठवड्यात पोखर्णीची शीव कुणी ओलांडायची नाही. ओलांडली तर वर्षभर प्रभुभोजन बंद, म्हणजे प्रार्थनेनंतर वाटतात तो प्रभूच्या नावाचा भाकरीचा तुकडा मिळायचा नाही, आणि तोवर मंडळीतल्या कुणी त्या माणसाशी बोलायचं नाही. बाप्तिस्मा घेतलेलं एक घर जत्रेत जाऊन नवस फेडून आलं, तेव्हापासूनचा हा नियम. तो देवानं सांगितलेला नव्हता. मास्तरांनी केला होता, आणि पंचांनी खाली अंगठे उठवले होते.

एकोणीसशे सदतीस साली जत्रेच्या तिसऱ्या दिवशी मास्तरांचा चुलतभाऊ रायभान पोखर्णीहून धापा टाकत आला.

"दादा, काकूचं काय खरं न्हाई. दोन दिस झालं, पोटात पाणी ठरंना. तुझंच नाव घ्यायलीय. चल."

काकू म्हणजे मास्तरांची आई, धुरपताबाई. ती ख्रिस्ती झाली नव्हती, पोखर्णीतच राहिली होती. मास्तरांनी खुंटीवरचं पागोटं काढलं. तेवढ्यात मंडळीचा पंच भुजंग दारात आला.

"मास्तर, कागदावरची शाई तरी वाळू द्या," तो हसत म्हणाला.

मास्तरांनी पागोटं परत खुंटीला लावलं. "रायभान, जत्रा उठली की येतो. चार दिवसांचा तर प्रश्न. तोवर मी तिच्यासाठी उपास करतो."

"चार दिस? ती आजची रात काढंल का न्हाई!"

मास्तरांची बायको केवळाबाई चुलीपासून उठली. "आवो, पाचवी आज्ञा रोज पोरांकडून घोकून घेता न्हवं? आईबापाचा मान राखा म्हणून?"

"मानच राखतोय. तिच्यासाठी उपाशी राहतोय."

"तुमच्या उपासानं तिच्या तोंडात पाणी जातंय व्हय?"

"नियम मी केला, केवळा. मीच मोडला तर पोरांना काय शिकवू?"

"आई बोलावती तवा जावं, एवढं शिकवा की."

तिनं डोईवर पदर घेतला आणि रायभानबरोबर निघाली. मास्तर प्रार्थनेला गुडघ्यांवर बसले.

धुरपताबाई दुसऱ्या दिवशी गेली. तिला माती देऊन केवळाबाई परतली, तो शनिवार होता.

रविवारी प्रार्थना झाल्यावर मास्तरांनी तिला सगळ्यांपुढं उभं केलं.

"घरची बाई हाय, मास्तर. जरा सैल सोडा," भुजंग म्हणाला. मागं दोघंतिघं हसले. मास्तरांची मान ताठ झाली.

"सूट कुणालाच नाही. जत्रेत गेलीस?"

"वाटच जत्रेतून हाय."

"देवळापुढं हात जोडलेस?"

"हात मोकळे कुठं व्हते? तुमच्या आईचं हागणंमुतणं काढायलते."

कुणीच हसलं नाही. मास्तरांनी कागद वाचला: वर्षभर प्रभुभोजन नाही, आणि तोवर मंडळीतल्या कुणी तिच्याशी बोलायचं नाही. मग ते भाकरीच्या तुकड्यांचं ताट घेऊन रांगेतून फिरले. केवळाबाईपाशी आल्यावर त्यांनी ताट उंच धरलं आणि पुढं गेले.

बाहेर लोक म्हणत होते, "मास्तर म्हणजे मास्तर! बायकोलाबी सोडलं न्हाई." मास्तरांना ते ऐकून बरं वाटलं. ते बरं वाटणं घराच्या उंबऱ्यापर्यंत पुरलं.

केवळाबाईनं त्यांना वाढलं. भुजंग मागोमाग येऊन ओट्यावर तंबाखू मळत बसला. मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनी बायकोकडं पाहिलं.

"इचारा," ती हळू म्हणाली. "जाताना आईनं तुमच्यासाठी एक सांगितलंय. दुसऱ्या कुनाला सांगायचं न्हाई म्हणली. तुमी नुस्तं इचारा."

मास्तरांचे ओठ हलले. ओट्यावरून भुजंगनं मान वाकवून आत पाहिलं.

"मास्तर, कुनाशी बोलायलात?"

"कुणाशी नाही," मास्तर म्हणाले.

केवळाबाईनं वाढायला घेतलेली दुसरी भाकरी परत टोपल्यात ठेवली आणि ती मागच्या दारानं बाहेर गेली.