अष्टकोनी बिल्ल्याचा नियम

इंग्लंडमधल्या आमच्या लाँगब्रिजमध्ये दोन एमजी गाड्या समोरासमोर आल्या की दोन्ही चालकांनी हात वर करायचा, ओळख असो वा नसो. आणि एखादी रस्त्याकडेला अडकलेली दिसली, तर दुसरीने तिला टाकून पुढे जायचं नाही. हे दोन्ही नियम मला आजोबांनीच शिकवले, मी त्यांच्या जुन्या, उघड्या टपाच्या लाल एमजी रोडस्टरमध्ये उशीवर बसायचे तेव्हापासून.

आजोबांनी इथल्या एमजीच्या कारखान्यात गाड्यांचे दरवाजे बसवण्यात जन्म घालवला. मग कारखाना बंद पडला, नाव चिनी कंपनीने घेतलं, आणि आजोबा जिथे कामाला उभे राहायचे तिथे सुपरमार्केट झालं. आजोबा तिथून साधा पावसुद्धा आणत नाहीत.

आणि यंदा आईने नवी एमजी घेतली. चीनमध्ये बनलेली, विजेवर चालणारी, नाकावर मात्र जुन्या एमजींचा तोच अष्टकोनी बिल्ला.

मी नुकतीच सतरा वर्षांची, म्हणजे इथे गाडी शिकायच्या वयाची झाले होते. आईला, मामाला, निम्म्या गल्लीला गाडी आजोबांनी शिकवली, तेव्हा मलाही तेच शिकवणार, असं मी शाळेत सगळ्यांना सांगून बसले होते. आजोबांनी एका वाक्यात विषय संपवला.

"त्या टोस्टरमध्ये मी पाय ठेवणार नाही, पोरी. भर रस्त्यात तुझं चार्जिंग संपेल ना, तेव्हा मी हॉर्न वाजवत शेजारून जाईन."

ठीक आहे. मीही त्यांचीच नात.

दर रविवारी जुन्या एमजीवाल्यांचा क्लब टेकडीवरच्या कॅफेत बेकन सँडविच खायला जातो. मी आईला शेजारी बसवायचे, पुढेमागे लाल 'एल'च्या पाट्या लावायचे आणि मुद्दाम त्याच रस्त्याने समोरून यायचे. येईल त्या गाडीला हात वर. एकाचाही हात उठायचा नाही. हिरव्या गाडीतल्या मिसेस पार्गेटर तर आभाळात काहीतरी हरवल्यासारख्या वर बघायच्या. आजोबा आरशात स्वतःचीच मिशी न्याहाळायचे. आई म्हणाली, सोड आता, हसं होतंय आपलं. मी सोडलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा हात वर, त्याच्या पुढच्याही.

आणि एका रविवारी चढावर लाल रोडस्टर कडेला उभी. बाकीचा क्लब न कळताच पुढे निघून गेलेला, शेजारी आजोबा एकटेच. मी सिग्नल दिला, आरसा पाहिला आणि गाडी अशी झकास कडेला लावली की आई बघतच राहिली.

मी उतरायच्या आतच आजोबांनी फर्मावलं की तू जा, आमची माणसं येतील शोधत. काय झालं म्हणून विचारलं, तर ते झाडांकडे बघायला लागले. आईने रोडस्टरमध्ये डोकावून पेट्रोलचा काटा पाहिला आणि हसत सुटली. काटा तळाला टेकला तरी टाकीत जाऊन-येऊन पुरेल एवढं पेट्रोल असतं, ही आजोबांची जुनी बढाई. या वेळी नव्हतं.

"चार्जिंग संपलं का, आजोबा?" मी अगदी मायेने विचारलं.

"जा तू."

"नियम तुमचाच आहे. बिल्ला बिल्ल्याला टाकून जात नाही. मी हलणार नाही."

"तो बिल्ला वेगळा."

"कुठे वेगळा? कोपरे मोजा."

आणि शपथ, त्यांनी खरंच मोजले.

गाडीजवळ कुणीतरी थांबायला हवं, असं म्हणत आई रोडस्टरमध्ये बसलीसुद्धा आणि त्यांच्या थर्मासातला चहा तिने ओतून घेतला. पेट्रोल तर आणायला हवं, आणि शिकाऊ मुलीला एकटीने गाडी नेता येत नाही. आता शेजारी बसायला राहिलं कोण?

आजोबांनी आमचा दरवाजा उघडला, लावला. पुन्हा उघडला, पुन्हा लावला. कान देऊन आवाज ऐकला. नाक मुरडलं नाही. मग पेट्रोलचा रिकामा डबा मांडीवर घेऊन, दातांच्या डॉक्टरकडे बसावं तसे बसले. सुरू कर आता, म्हणाले, तेव्हा आमची बिनआवाजाची गाडी निघालीही होती. त्यांचा डावा पाय, या गाडीत नसलेला क्लच दाबत होता. थोड्याच वेळात पायाचं काम तोंडाने सुरू केलं. आरसा बघ. कडेला इतकी चिकटू नकोस. वळणाआधी वेग कमी, वळणात नाही. मला हेच हवं होतं.

तेवढ्यात समोरून मिसेस पार्गेटर आल्या, आजोबांनाच शोधत. माझा हात सवयीने उठला.

"हात खाली," आजोबा म्हणाले.

माझं तोंड एवढंसं झालं. पण त्यांनी आपल्या बाजूची काच उतरवली, कमरेपर्यंत बाहेर निघाले आणि टपावरून टोपी हलवायला लागले. मिसेस पार्गेटरना आभाळात बघायला सवडच मिळाली नाही. त्यांनी हॉर्न वाजवला आणि चक्क दोन्ही हात वर केले.

आजोबा आत आले, टोपी नीट केली.

"तू दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव. हात वर करायचं काम शेजारच्याचं."

पेट्रोल पंप डावीकडे आला आणि मागे गेला. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर म्हणाले, सरळ घे, पुढच्या गोल चौकात वळायचं कसं ते दाखवतो.

तिकडे चढावर आई खोळंबली होती. आम्हा दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं.